नाईक यशवंत घाडगे : एका तरुण सैनिकाच्या आयुष्याचा शोध
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही शाळामास्तर. वर्गातल्या चाळीस मुलांपुढे बोलण्याची सवय, पण सभेपुढे बोलण्याची नाही. शिवाय महोत्सवात संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा, देणगीदारांचे आभार मानावेत, अशी रीत आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. म्हणून आम्ही आज एकाच माणसाविषयी बोलणार आहोत. तो ग्वाल्हेरचा नव्हता. त्याने ग्वाल्हेर पाहिले असेल असेही वाटत नाही. तरी त्याची हकीकत इथे, या लष्करात सांगण्यासारखी आहे, असे आम्हांस वाटते.

आपण ज्या वस्तीत बसलो आहोत तिचे नावच लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला, तो उठलाच नाही. राहुट्यांची घरे झाली, घरांचे वाडे झाले, आणि तळाचे शहर झाले. शिंदे की छावणी, कंपू, जिन्सी ही नावे आपण रोज घेतो. रिक्षावाल्याला ‘कंपू’ म्हणून सांगताना ते कवायती पलटणीचे नाव आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. जिन्सी म्हणजे तोफखाना. आमचे पूर्वज दक्षिणेतून शिंद्यांच्या तोफखान्याबरोबर इकडे आले, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. म्हणून आमच्या घरी उर्दूही बोलतात आणि मराठीही. पानिपतावर पाय जायबंदी झालेल्या महादजींना राणेखान भिस्त्याने वाचवून आणले, आणि महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानले, ही गोष्ट आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली. तात्पर्य, शिपाईगिरी हा या गावाचा मूळ धंदा. असे असून आपल्याला शिपाई किती ठाऊक आहेत? सरदारांची नावे चौकांना आहेत. शिपायाचे नाव कोठे आहे?

हा प्रश्न आमचा नव्हे, एका विद्यार्थ्याचा आहे. तो कसा निघाला ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात दुसरे महायुद्ध शिकवीत होतो. पाठ्यपुस्तकात सनावळ्या, करार आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावे. मुले जांभया देऊ लागली. तेव्हा आम्ही पुस्तक मिटले आणि त्यांना इटलीत लढलेल्या एका मराठी जवानाची हकीकत सांगितली. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४. त्याच्या हाताखालची सगळी माणसे पडली, तो एकटा मशीनगनवर धावून गेला, ती त्याने घेतली आणि तेथेच मेला. वर्ग स्तब्ध झाला. आम्ही मनात म्हटले, पाठ जमला. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, हे तर दहा मिनिटांचे झाले. त्याच्या आधी तो काय करीत होता?”

आम्ही म्हटले, “उद्या सांगतो.” तो उद्या अजून पुरता उगवलेला नाही. परंतु त्या प्रश्नापायी आम्ही जे शोधले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. आम्ही यशवंताचा उल्लेख एकेरीत करू. त्यात अनादर नाही. त्याचे वय आमच्या विद्यार्थ्यांच्या थोरल्या भावाएवढे होते, आणि थोरल्या भावाला घरात कोणी ‘आपण’ म्हणत नाही.

यशवंताचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. तेव्हा तो जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. शिवछत्रपतींची राजधानी शेजारच्या महाड तालुक्यात आहे. मुलुख डोंगराळ. पावसाळ्यात चार महिने पाण्याची धार तुटत नाही. भाताची खाचरे लहान, माणसे फार. उरलेल्या आठ महिन्यांत खायचे काय, हा तिथल्या घरांपुढचा प्रश्न. त्याची उत्तरे दोन : एक तर मुंबईच्या गिरणीत जावे, नाही तर पलटणीत. कोकणातल्या कितीएक घरांत थोरला गिरणीत, धाकटा पलटणीत आणि मधला बापाबरोबर शेतात अशी वाटणी असे. यशवंत पलटणीत गेला.

ही पलटण कोणती? मराठा लाइट इन्फन्ट्री ही आपल्या सैन्यातील अत्यंत जुन्या रेजिमेंटांपैकी एक. तिची पहिली पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली. पुढे रेजिमेंटचे केंद्र बेळगावास आले आणि आजही ते तेथेच आहे. खेड्यातून आलेला पोरगा तेथे उतरतो, डोक्यावरचे केस जातात, पायांत बूट येतात, आणि काही महिन्यांत त्याची चाल बदलते. ‘लाइट इन्फन्ट्री’ म्हणजे हलके पायदळ, झपाझप चालणारे. डोंगरात वाढलेल्या गड्याला ते नवे नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष हा या रेजिमेंटचा रणघोष आहे.

यशवंत तिसऱ्या पलटणीत होता. या पलटणीने १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरात इटालियन फौजेशी लढाई केली होती. त्या वेळी तिचे नेतृत्व डेनिस रीड या अधिकाऱ्याकडे होते. पुढे ते आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडले, इटलीतल्या कैदेतून निसटले, आणि १९४४ मध्ये त्याच इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती झाले. यशवंताची पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. पहा, सेनापतीचे आयुष्य कसे सलग सापडते. कोठे होते, कधी पकडले गेले, कसे सुटले, सारे काही नमूद आहे. नाईकाचे आयुष्य मात्र तुकड्यातुकड्यांनीच हाती लागते.

नाईक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी सांगतो. बाहीवर दोन फिती. हाताखाली आठ-दहा जवानांचा सेक्शन. मोठ्या फौजेत हे पद लहानच. पण त्या आठ-दहा जणांना विचाराल तर याहून मोठे पद नाही. कारण सेनापती नकाशावर बोट ठेवतो, नाईक जमिनीवर पाऊल ठेवतो, आणि त्याच्यामागे बाकीचे ठेवतात. बाविसाव्या वर्षी यशवंताच्या बाहीवर या फिती होत्या. तेवढ्यावरून त्याच्याविषयी एक गोष्ट निश्चित कळते. वरिष्ठांनी त्याच्यात काही पाहिले होते, आणि बरोबरीच्यांनी ते मान्य केले होते.

आता इटलीची मोहीम. तिच्याविषयी आपल्या पुस्तकांत फार थोडे असते, म्हणून थोडक्यात सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढले. त्यात सक्तीची भरती नव्हती. इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. आमच्या पन्नास हजारांहून अधिक माणसांनी त्या देशाचे डोंगर पायाखाली घातले. मे १९४४ मध्ये कासिनो पडले, ४ जून रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. जगाने वर्तमानपत्रात रोम वाचले. दोनच दिवसांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या आणि सर्वांचे डोळे तिकडे वळले. इटलीतली लढाई मात्र संपली नव्हती. जर्मन फौज पळत नव्हती. ती शिस्तीने मागे सरत होती. उत्तरेस पीसापासून रिमिनीपर्यंत तिने ‘गॉथिक लाइन’ नावाची तटबंदी चालविली होती, आणि ती पुरी होईपर्यंत वेळ काढायचा होता. म्हणून प्रत्येक टेकडी, प्रत्येक वळण, प्रत्येक दगडी घर लढवायचे, एक-दोन दिवस शत्रूला अडवायचे आणि रात्री मागे जायचे, असा त्यांचा क्रम होता. अशा लढाईत मोठा विजय कोणालाच दिसत नाही. रोज एक टेकडी मिळते आणि रोज काही माणसे जातात.

दहावी डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकत होती. उम्बर्टिडे, मोंटोने, चित्ता दि कास्तेल्लो ही तिथली गावे. टेकड्यांवर वसलेली, भोवती दगडी तट, उतारावर द्राक्षे आणि ऑलिव्हची झाडे. पळसगावच्या मुलाला त्या टेकड्या ओळखीच्या वाटल्या असतील का, हे कोण सांगणार? दिवस जुलैचे होते. घरी त्या दिवसांत भाताची लावणी चाललेली असते.

सोमवार, १० जुलै १९४४. यशवंताच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. त्याचा सेक्शन पुढे होता. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधले एकूण एक जवान मेले किंवा जखमी झाले. उरला तो एकटा नाईक. आपल्याबरोबर यायला आता कोणी नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. मागे सरता आले असते, जमिनीस लागून पडून राहता आले असते, आणि त्याला कोणी दोष दिला नसता. तो सरळ मशीनगनवर धावला. प्रथम हातबॉम्ब टाकला. त्याने मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गनने दुसऱ्या एकाला टिपले. इतक्यात मॅगझीन संपले. दुसरे चढवायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले. तोच लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्याचा प्राण गेला. वय बावीस वर्षे, सात महिने, चोवीस दिवस.

श्रोतेहो, हा भाग मुलांना सांगावा की नाही, असा आम्हांस प्रश्न पडला होता. बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारणे ही ऐकायला गोड गोष्ट नाही. ती चघळून सांगणारेही पुष्कळ असतात. आम्ही एवढेच ठरविले की जे झाले ते जसेच्या तसे सांगावे. त्यात रंग भरू नये आणि डोळेही झाकू नयेत. युद्ध काय असते हे मुलांना कळायला हवे. आणि ज्या चौघांना यशवंताने मारले त्यांचीही घरे कोठेतरी होती, हेही आम्ही वर्गात सांगितले. त्याने यशवंताचे शौर्य उणे होत नाही. उलट त्याने किती भयंकर ओझे उचलले ते समजते.

त्याच्या कामगिरीची नोंद ‘लंडन गॅझेट’मध्ये नोव्हेंबर १९४४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाली आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो जिवंत असता तर त्यानंतर पंधरवड्याने त्याला तेविसावे वर्ष पुरे झाले असते. पदक पुढे दिल्लीस व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्याच्या विधवा पत्नीला देण्यात आले. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांतले सहा भारतीय सैन्यातील वीरांना मिळाले. त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर तो मिळविला. ते सुदैवाने जिवंत परत आले.

त्या पदकसमारंभाचा विचार आमच्या मनातून जात नाही. कोकणातल्या एका खेड्यातली तरुण स्त्री. समोर परकीय सत्तेचा सर्वांत मोठा अधिकारी. भोवती न समजणारी भाषा. हातात एक काशाचा क्रॉस, आणि तो ज्याचा तो माणूस नाही. त्या दिवशी तिला कोणी काय समजावून सांगितले असेल? ‘तुझा नवरा फार शूर होता’ असे म्हटले असेल. ते खरेच होते. पण तो शूर होता हे जगाला त्या दहा मिनिटांनी कळले. तो हसत कसा असे, त्याला भाकरीबरोबर काय आवडे, रजेवर आला की पहिल्यांदा कोणाच्या घरी जाई, हे फक्त तिला आणि त्याच्या आईबापांना ठाऊक होते. ते कोणी लिहून घेतले का? आमच्या विद्यार्थ्याने विचारले होते ते हेच.

यशवंताची समाधी नाही. त्याचे नाव इटलीत कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत. त्याच वर्षी, एप्रिल १९४४ मध्ये, इंफाळजवळ जमादार अब्दुल हफीज हा नवव्या जाट रेजिमेंटचा अधिकारी असाच हल्ल्यात सर्वांपुढे जाऊन पडला. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर इंफाळच्या युद्धसमाधीस्थानात आहे. एकाला माती मिळाली, एकाला दगडावरच्या अक्षरांची ओळ मिळाली. दोघांचे शत्रू निराळे, देश निराळे, धर्म निराळे, काम मात्र एकच. आमच्या वर्गाच्या भिंतीवर आम्ही दोघांची नावे शेजारी शेजारी लावली आहेत.

माणगाव येथे तहसील कचेरीसमोर यशवंताचा पुतळा आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पंजाब मेलने मुंबईस आणि तेथून कोकण रेल्वेने माणगावास गेलो. कचेरीत सात-बाराचे उतारे काढायला आलेली माणसे पुतळ्याच्या सावलीत बसली होती. कोणी नमस्कार करीत नव्हते, कोणी फोटोही काढीत नव्हते. आम्हांस आधी वाईट वाटले. मग वाटले, छे, हेच बरे. गावचा मुलगा गावच्या माणसांत उभा आहे. ज्या शेतकऱ्यांतून तो गेला, त्यांच्याच सातबाऱ्याच्या रांगेजवळ आहे.

आणि इकडे इटलीत? जुलै २०२३ मध्ये मोंटोने गावाने त्याच्या नावाचे एक स्मारक उभारले. ते म्हणजे सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये ब्रीद आहे. त्याचा अर्थ, ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’. ज्या गावाने आपल्या रस्त्यांवर परदेशी फौजा पाहिल्या, त्या गावाला एकोणऐंशी वर्षांनंतरही वाटले की हा परक्या देशाचा मुलगा आमच्या मातीत पडला, त्याची आठवण ठेवावी. हे वाचून आम्हांस आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

कित्येकजण विचारतात, आणि आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानेही विचारले, की हे लोक इंग्रजांसाठी मेले, त्यांचे आपण काय म्हणून स्मरण करावे? १९४२ मध्ये देशातले पुढारी तुरुंगात होते आणि ही मंडळी इंग्रजांच्या झेंड्याखाली लढत होती. प्रश्न रास्त आहे. तो टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे : यशवंताने साम्राज्य उभारले नव्हते आणि ते टिकवावे की मोडावे हे त्याला कोणी विचारले नव्हते. त्याला खाचरातले भात पुरत नव्हते, पलटणीची परंपरा होती, आणि एकदा शपथ घेतल्यावर ती मोडू नये असे त्याला घरात शिकविले होते. समोर जो शत्रू होता तोही काही स्वातंत्र्याचा कैवारी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे सत्त्याऐंशी हजार भारतीय सैनिक मेले. त्यांतले ५,७८२ एकट्या इटलीत. एवढ्या घरांत दिवा विझला. त्या घरांना ‘तुमचा मुलगा चुकीच्या झेंड्याखाली मेला’ असे सांगून आपला इतिहास शुद्ध होत नाही, तो फक्त अपुरा राहतो.

दिल्लीला २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. तेथे स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे आहेत. ते योग्यच झाले. परंतु त्याआधीच्यांना आठवण्याचे काम ज्याच्या त्याच्या गावाकडे आणि घराकडे राहिले आहे.

येथे आम्ही आपल्या ग्वाल्हेरकडे येतो. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, पूर्व आफ्रिकेत टांगा येथे जी भारतीय फौज उतरली, तीत ग्वाल्हेर संस्थानच्या पायदळाची माणसे होती. माधवराव महाराजांनी ‘लॉयल्टी’ नावाचे इस्पितळ-जहाज सिद्ध करविले होते. तेच जहाज पुढे सिंदिया कंपनीने विकत घेतले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडास निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आज राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. पहा, जहाजाचा इतिहास सापडतो, महाराजांचा सापडतो. टांग्याला बोटीतून उतरलेल्या शिपायाचा कोठे शोधावा? संस्थाने विलीन झाली, ग्वाल्हेरच्या पायदळातून कुमाऊँ रेजिमेंटची पलटण झाली, जुनी नावे गेली. घरच्यांना तर पत्र कोणाला लिहावे हेही कळेनासे झाले.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जाते, पण तिच्यावाचून हे भाषण खोटे ठरेल.

आमच्या आजोबांचे एक चुलते पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या पायदळातून गेले आणि परत आले नाहीत. ‘आफ्रिकेला गेले’ एवढेच आम्ही ऐकत आलो. दादींच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेले काही कागद होते आणि एक पितळी बिल्ला होता. दादींना लिहिता-वाचता येत नसे. त्या वर्षातून एकदा ते फडके सोडीत, कागद उन्हात ठेवीत, पुन्हा बांधीत. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा एका ईदच्या आधी घराला चुना लावायचे काम निघाले. जुनी रद्दी काढायचे काम आमच्याकडे आले. फडके फाटले होते, कागद पिवळे होऊन घड्यांवर तुटत होते. आम्ही ते वाचलेही नाहीत. वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकले. बिल्लाही त्याच गठ्ठ्यात गेला असावा.

पुढच्या वर्षी दादींनी पेटी उघडली. त्यांना सांगावे लागले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “घरात शिकलेला तू एकटा, आणि टाकलेस तूच.”

आम्ही पुढे बी.ए. झालो, बी.एड. झालो, वीस वर्षे मुलांना इतिहास शिकवीत आहोत. ते वाक्य कोणत्याही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा कठीण गेले. कदाचित त्या कागदांत पलटणीचा नंबर असेल, गाव असेल, शेवटचे पत्र असेल. परक्या माणगावच्या मुलाचा शोध आम्ही इतक्या आवडीने घेतला, त्याचे एक कारण हे आहे की आमच्या घरातल्या माणसाचा शोध आम्हीच बंद करून टाकला होता.

म्हणून आज भाषण संपविताना न्यासापुढे एक छोटी विनंती ठेवतो. खर्च फारसा नाही. न्यासाने एक वही ठेवावी. आपल्या घरांतून जे कोणी फौजेत गेले, परत आले किंवा न आले, मराठे असोत, ब्राह्मण असोत, मुसलमान असोत वा आणखी कोणी, त्यांची त्या वहीत नोंद व्हावी. नाव, वडिलांचे नाव, मोहल्ला, पलटण, सैनिक क्रमांक, केव्हा गेले, शेवटचे पत्र कोठून आले. क्रमांक आणि पलटण मिळाली की पुढची वाट पुष्कळ सोपी होते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही आज घरबसल्या कोणालाही पाहता येते. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची नावे तीत आहेत. मात्र इंग्रजीत एकच नाव पाच तऱ्हांनी लिहिलेले असते, तेव्हा धीर धरावा आणि सर्व तऱ्हांनी शोधावे. हयात असलेल्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, तेथेही विचारावे. घरात फोटो, पेन्शनचा कागद, पदक, बिल्ला काही असेल तर त्याची छायाप्रत न्यासाला द्यावी आणि मूळ वस्तू आपल्यापाशीच जपून ठेवावी. फोटोच्या पाठीमागे नाव लिहावे, पण शिसपेन्सिलीने आणि हलक्या हाताने.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. कागद चुकतात, तसे माणसेही सन चुकतात. पण तो हसत कसा असे हे कागदाला कधीच ठाऊक नसते. ते विचारावे. जे सांगतील ते लिहून घ्यावे. हे काम आमच्या आठवीच्या मुलांकडे सोपवावे, ती ते आनंदाने करतील. न्यास ज्या मुलांना शिष्यवृत्ती देतो, त्यांनी वर्षातून एका घरी जाऊन एका माणसाची नोंद आणावी, एवढी अट घातली तर दहा वर्षांत या वहीला तोड राहणार नाही.

वही आम्ही बरोबर आणली आहे. दोनशे पानांची आहे, साधीच आहे. पहिल्या पानावर आजोबांच्या चुलत्यांचे नाव लिहिले आहे. पुढच्या रकान्यांत फक्त ‘ग्वाल्हेर पायदळ’ आणि ‘आफ्रिका’ एवढे दोन शब्द आहेत, बाकीचे रकाने रिकामे आहेत. ते भरण्याचा प्रयत्न आम्ही करीत राहू. दुसरे पान आपल्यापैकी कोणाचे, ते आज सभा संपल्यावर दाराशी येऊन सांगावे. आम्ही तेथेच बसलो आहोत.